पोळी सोडलेला माणूस

घरात आजारपण आलं की औषधांच्या आधी किस्से साचायला लागतात. ह्यांच्या अन्ननलिकेचे आमच्याकडे इतके साचलेत की मंडळात बायका मला खुर्ची देऊन म्हणतात, "काकू, ते भाताच्या गोळ्याचं सांगा ना." मी सांगते, त्या हसतात. मीही हसते. पण पोटात जो संताप आहे तो काही जात नाही.

*

सुरुवात झाली चातुर्मासात. कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण. ह्यांनी एक दिवस जाहीर केलं, आपण पोळी सोडली. खरं कारण आम्हाला फार उशिरा कळलं. पोळीचा घास छातीशी जाऊन अडायचा, पाण्यानेही हलायचा नाही.

चातुर्मास संपला, पोळी काही परत आली नाही. मग भाकरी गेली, मग भाज्या गेल्या. उरलं मऊ वरण-भात. ताई म्हणजे ह्यांची मोठी बहीण. राहतात शहरातच, गढ्याला, पण अर्धा मुक्काम आमच्याकडेच. त्यांनी साऱ्या नात्यागोत्यात सांगून टाकलं की आमचा मधू साधू झाला. पँट कंबरेवर राहीना, तर ते म्हणे वैराग्याचं तेज! एक भाची तर पाया पडून गेली. माणूस उपाशी मरत होता आणि आम्ही त्याला नमस्कार करत होतो.

*

सदर भागात ह्यांच्या जुन्या मित्राच्या मुलीचं लग्न होतं. आपल्याकडे यजमानाने स्वतः पंगतीत येऊन लाडू भरवला नाही तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही. मित्र आला, ह्यांनी हात आडवा केला, त्याने तो बाजूला सारून अख्खा बुंदीचा लाडू तोंडात कोंबला. हे उठून बेसिनकडे पळाले ते बराच वेळ आलेच नाहीत.

मित्र मागे जाऊन उभा राहिला. ह्यांचे डोळे पांढरे व्हायची वेळ, आणि हा विचारतो, "काहून, साधूमहाराजांना आमच्या घरचं गोड चालत नाही का?" त्या दिवसापासून त्यांच्याकडचं बोलावणं बंद आहे. मधूने आमचा लाडू थुंकला, एवढंच त्यांना दिसलं.

*

मग एका दुपारी भातही अडला. थुंकीसुद्धा खाली जाईना, हे वाटी धरून बसलेले. शेजारचे तिवारीजी धावत आले. त्यांच्याकडे रामबाण उपाय होता. "भाभीजी, सूखे चावल का गोला निगलवा दीजिए, धक्के से सब उतर जाएगा." हा उपाय माशाचा काटा अडकल्यावरचा. आमच्या घरात मासा कधी शिजला नाही, उपाय मात्र आला.

ताईंनी स्वतःच्या हाताने लिंबाएवढा गोळा वळला आणि ह्यांना गिळायला लावला. तो पहिल्या घासावर जाऊन बसला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून दोन्ही काढले. तिवारीजी अजून सांगतात, चावल जरा और सूखा होता तो काम बन जाता.

*

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला स्वच्छ. पोटातलं आम्ल वर्षानुवर्षं वर येत राहिलं, त्याने अन्ननलिकेचं खालचं टोक भाजलं, व्रण पडले आणि वाट अरुंद झाली. त्यांनी तिथला तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत मी देवापाशी बसले की नुसती रडायची. कॅन्सर नव्हता. आता त्या अरुंद जागी फुगा घालून, तो फुगवून, वाट थोडी थोडी रुंद करायची होती. एकदा करून भागणार नव्हतं.

त्यांनी ह्यांना विचारलं, "दो साल से अटक रहा था, घर में बताया क्यों नहीं?" ह्यांनी पुढची तारीख विचारली. येताना ऑटोत मीही तेच विचारलं. म्हणाले, "बघ, कमानिया गेटपाशी किती गर्दी हाय."

*

पहिल्यांदा फुगा फुगवून घरी आलो, तर भेटायला माणसांची रीघ. पातळ पेजेशिवाय काही द्यायचं नाही, असं मी दारातच सांगत होते. तरी ह्यांच्या मावसभावाने खोव्याच्या जिलबीचा डबा आणला. पलंगावरच उघडला. "एक तुकडा तरी," म्हणाला, मग स्वतःच खात बसला. खाता खाता ह्यांना म्हणतो, मधू, फार वाळलास रे.

*

आम्ल वर येऊ नये म्हणून पलंगाची डोक्याकडची बाजू उंच ठेवायला सांगितली होती. मी विटा लावल्या. ताईंनी बघितलं, पाय दक्षिणेकडे येताहेत. पाय दक्षिणेला म्हणजे यमाची दिशा! माझ्यामागे त्यांनी उशी उचलून पायथ्याशी नेली. विटा तिथेच. भाऊ खाली डोकं, वर पाय करून झोपला. सकाळी घसा आगीसारखा जळत होता आणि ताई म्हणत होत्या, निदान अशुभ तर टळलं.

ताईंपुढे हे कधी बोललेच नाहीत. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या बाईकडून माझ्या पोळीचे वाभाडे ऐकते आहे. जाड झाली, कच्ची राहिली, चामडं झालं. आणि हे खाली मान घालून जेवत राहायचे. याचा मला फार राग होता, लपवत नाही.

*

पुन्हा पुन्हा जाऊन फुगा झाला, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. पोळी वरणात भिजवून, लहान घास, सावकाश चावून. मी भरपूर मोहन घालून कणीक मळली. ताई मुद्दाम बघायला आल्या होत्या.

ह्यांनी घास घेतला, चावला, गिळला. घास उतरला. ह्यांनी दुसरा घास मोडला.

तेवढ्यात ताईंनी ह्यांच्या ताटातली पोळी बोटाने दाबून पाहिली. "कडकच झाली ना वं," मला म्हणाल्या. "अशानं घास अडकन, नाही तर काय होईल?"

ह्यांनी दुसरा घास खाली ठेवला.

"ताई, हिला हेच ऐकावं लागलं असतं," हे म्हणाले. "म्हणून तर दोन वर्षं बोललो नाही."