जळीत आणि पळापळ
नव्या चादरीची घडी मोडली की कांजीचा वास येतो आणि भिवंडीतली ती गल्ली आठवते. दोन हजार दोनच्या अखेरची गोष्ट. मी शाळामास्तर, मतदारयादीच्या ड्युटीवर दारोदार वयं लिहीत फिरत होतो. लूमच्या खडखडाटात एका ओट्यावर दोन शेजारणी भाजी निवडत बसल्या होत्या. मुलांचे जन्मदाखले दोघींकडेही नव्हते. "माझा पोरगा जळिताच्या सालचा," मुसलमान बाई म्हणाली. "माझी पोर पळापळीतली," आगरी बाई म्हणाली. मला वाटलं, आधी कुठल्या कारखान्याला आग लागली असेल, नंतर कधी खाडीचं पाणी चढलं असेल. अंदाजाने मी मुलाला वीस लिहिली, मुलीला सतरा. म्हणजे तिचं नाव यादीत नाही. आगरी बाई हसली. "मास्तर, दोघांत आठ दिसांचं अंतर न्हाय. दंगलीत हिचं घर जळलं, मी ओली बाळंतीण गावाला पळाले. परत आले तर दूध आटलेलं. हिनंच पाजलंय माझ्या पोरीला." दंगलीचं साल मला पाठ होतं, चौऱ्याऐंशी. खोडून दोघांपुढे अठरा लिहिलं. माझे वडील पोलिसात होते. आमच्या घरात त्या दिवसांना 'बंदोबस्त' म्हणायचे, पण हे त्या ओट्यावर सांगायला माझी जीभ रेटली नाही.