लाल बादल्यांची तपासणी

महिनाभर मी दुपारच्या चहाबरोबर ज्या भाजलेल्या शेंगा खात होतो, त्या माझ्याच बादल्यांमधल्या वाळूत भाजल्या जात होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

बादल्या म्हणजे आगीच्या. लाल रंगाच्या आणि गोल बुडाच्या. बूड गोल अशासाठी, की कुणी ती घरी नेऊन आंघोळीला वापरू नये. जमिनीवर ठेवली की कलंडते. म्हणून त्या लोखंडी स्टँडच्या आकड्यांना ओळीनं टांगलेल्या असतात, चार पाण्याच्या आणि चार वाळूच्या. औरंगाबादच्या छावणीत (तेव्हा शहराचं नाव तेच होतं) आमच्या हद्दीत असे तीस स्टँड होते. गोदामांपाशी, वर्कशॉपपाशी, कचेऱ्यांपाशी आणि एक लंगरच्या दाराशी. लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर. या सगळ्यावर देखरेख करायचं काम माझं. बादल्या भरलेल्या आहेत का, आग विझवायचे सिलिंडर चालू आहेत का, कुठं वायर उघडी आहे का, कुणी दारापुढं खोकी रचलीत का, हे रोज फिरून बघायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं.

वाळू कोरडी आणि बारीक हवी, असा नियम. मी ती चाळून घ्यायचो, एकदा नव्हे, दोनदा. लंगरचा आचारी वेरूळकडचा. त्याला पकडलं तेव्हा तो जरासुद्धा शरमला नाही. "साहेब, एवढी झ्याक वाळू आख्ख्या जिल्ह्यात भेटत नाय. एकबी शेंग करपत नाय बघा."

"अरे, पण आग लागली तर?"

"आग लागंल तवा लागंल. शेंगा तर रोज लागत्यात."

मी रजिस्टर उघडून विचार करत उभा राहिलो. गुन्हा लिहावा तर त्या गुन्ह्यातला निम्मा माल माझ्या पोटात. मागून चाचा म्हणाला, "लिख दो मियाँ, रेती चेक करी, टेस्ट अच्छा है."

चाचा म्हणजे आमच्यातला सगळ्यात जुना फायरमन. पडेगावहून सायकलवर यायचा. दात पुढचे तीनच, पण शिट्टी अशी वाजवायचा की गेटवरचा संत्री ताठ व्हायचा. नोकरीनं मी त्याचा वरिष्ठ झालो होतो, पण त्यानं ती गोष्ट कधी फारशी मनावर घेतली नाही. मला पाइप गुंडाळायला त्यानंच शिकवलं. जोडणीचा वायसर जिभेनं ओला करून बसवायचा असतो, हेही त्यानंच. पुस्तकात ते नाही. पुस्तकात असतं तरी मला कितपत वाचता आलं असतं, हा प्रश्नच आहे.

मी देवगडच्या बाजूचा. आठवीत शाळा सोडली. गणिताच्या मास्तरांना त्याचं फार दुःख झालं नसावं. त्यांनी दाखला तासाभरात दिला. एका नातेवाइकाच्या ओळखीनं भरतीला आलो आणि समुद्र सोडून अशा गावी पडलो, जिथं नळाला पाणी येणं ही बातमी असते. जिथं प्यायला पाणी नाही तिथं मी एकशेवीस बादल्या पाणी नुसतं टांगून ठेवणारा माणूस! उन्हाळ्यात बायाबापड्या माझ्या बादल्यांकडे ज्या नजरेनं बघायच्या, ती नजर मला अजून आठवते.

मला सुपरवायझर केलं ते माझ्या नाकामुळं. एका दुपारी गोदामावरून जाताना मला धुमसणाऱ्या चिंध्यांचा वास आला. कुणालाच येत नव्हता. दार उघडलं तर तेलकट चिंध्यांचा ढीग आतून लाल होत होता. आमच्या मोठ्या साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि सुपरवायझरची जागा रिकामी होती तिथं मला तात्पुरतं बसवलं. आठवीवाल्याला! कचेरीतल्या शिकलेल्या बाबूंनी भुवया चढवल्या, पण साहेब म्हणाले, "सर्टिफिकेट को धुएँ की बू नहीं आती." त्या वाक्यासाठी मी आजही त्यांना मनातल्या मनात सलाम करतो.

पण तात्पुरतं म्हणजे तात्पुरतंच. वर्षातून एकदा हेडक्वार्टरहून तपासणीचे साहेब येत. त्यांचा शेरा चांगला पडला तर मी कायम. नाही पडला तर परत पाइप खांद्यावर. आणि कायम झालो तरच छावणीतलं क्वार्टर मिळणार होतं. म्हणजे दोन खोल्या, पुढं ओटा आणि मागं नळ (पाण्याचं सांगत नाही, नळ). ते क्वार्टर मिळालं की बायको आणि मुलगी गावाहून इकडं येणार होत्या. मुलगी चार वर्षांची झाली होती. बायकोनं पत्रात लिहिलं होतं, "तिका वाटता, बाबा म्हणजे पोस्टमन आणता तो कागद."

ते पत्र खिशात ठेवून मी फिरायचो. माझा स्वभाव मुळातच भित्रा. सिनेमाला गेलो तर आधी बाहेर जायची दारं मोजायचो, मग पडदा बघायचो. खोलीवरचा स्टोव्ह विझवल्यावर तीनदा मागं फिरून हात लावून बघायचो. आगीच्या खात्याला असा माणूस वरदान, असं साहेब म्हणायचे. चाचा म्हणायचा, "इसकी खुद की चड्डी में आग लगी रहती हरदम."

तपासणी आठ दिवसांवर आली आणि माझी झोप उडाली. सगळं तपासून झालं होतं. सिलिंडर भरले, वायरी झाकल्या, दारापुढची खोकी हलवली, बाबूच्या टेबलाखालची हीटरची कॉइल दुसऱ्यांदा जप्त केली. करायला काही उरलं नाही, आणि भित्र्या माणसाला तेवढं धोकादायक दुसरं काही नसतं. मला बादल्यांचा रंग फिका वाटायला लागला.

मी रंगाचे डबे मागवले. एक हात मारून बघितला, चांगला दिसला. मग दुसरा मारला. दुसऱ्या हातानं एवढं तेज चढलं की तिसरा मारायचा मोह आवरेना.

आता बुडं गोल. बादली खाली ठेवून रंगवावी तर ती लोळत जाते आणि माती खाते. म्हणून आम्ही त्या जागेवर, टांगलेल्या अवस्थेतच रंगवल्या. कड्या रंगवल्या, आकडे रंगवले, स्टँडही रंगवले. चाचा विडी न पेटवता नुसती ओठात धरून बघत होता.

"मियाँ, इत्ता लाल कायकू?"

"लांबून दिसायला पाहिजे, चाचा."

"आग अंधी रहती. उसको कलर दिखता नै."

मला वाटलं, म्हाताऱ्याला रंगाचा वास सोसत नसेल.

तपासणीच्या दिवशी सकाळी सगळी छावणी कुंकवाच्या दुकानासारखी दिसत होती. हेडक्वार्टरचे साहेब उतरले. उंच, सुकलेले, बगलेत छडी. बोलणं जवळजवळ नाहीच. त्यांनी माझी रजिस्टरं चाळली. अक्षर मोठं आणि वाकडं होतं, पण एकही दिवस कोरा नव्हता. सिलिंडर उचलून वजन बघितलं. मान हलवली. आमचे मोठे साहेब माझ्याकडे बघून डोळ्यांनीच हसले. मी मनात देवगडहून येणारी एस.टी. किती वाजता पोचते ते आठवायला लागलो.

मोठ्या गोदामापाशी ते थांबले. छडीनं एका बादलीकडे खूण केली. "आग उधर. सात नंबर लाओ."

मी पळालो. सात नंबरच्या कडीला हात घातला आणि ओढली. बादली हलली नाही.

मी पुन्हा ओढली. कडी आणि आकडा तीन थरांच्या रंगानं असे एकजीव झाले होते, जणू कारखान्यातूनच तसे आले असावेत. घामानं हात निसटायला लागले. मग मी डोळे मिटून, दोन्ही हातांनी, अंगातला सगळा जोर लावून हिसडा दिला.

बादली आली नाही. स्टँड आला. अख्खा स्टँड माझ्याकडे झुकला आणि पाण्याच्या चारही बादल्या तपासणीच्या साहेबांच्या चकचकीत बुटांवर रिकाम्या झाल्या.

कुणी हसलं नाही. फौजेत अशा वेळी हसत नाहीत, नंतर आयुष्यभर हसतात. चाचा माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "अब स्टँडच लेके भागो मियाँ, आग की तरफ." मग त्यानं स्टँड सरळ केला आणि सात नंबरच्या कडीला खालून तळहाताचा एक फटका दिला. टक्कन आवाज झाला, रंगाचा पापुद्रा उडाला आणि बादली शहाण्या मुलासारखी त्याच्या हातात आली.

"पेंट किसने कराया?" साहेबांनी विचारलं.

ब्रश मारणारे दोन मजूर गोदामाच्या कडेला उभे होते. त्यांचे हात अजून लाल होते. त्यांच्याकडे बोट दाखवणं फार सोपं होतं. खरं सांगतो, माझं बोट थोडं हललंही होतं. मग खिशातलं पत्र छातीला टोचलं, का काय झालं, मी म्हणालो, "मैंने, सर."

"क्यों?"

"डर के मारे, सर."

"किसका डर? आग का?"

"नहीं सर. आपका."

त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. दुसरं हललं नाही. "आग से डरो," ते म्हणाले, "मैं तो शाम की गाड़ी से चला जाऊँगा." मग घड्याळ बघितलं. तीन वाजता ते पुन्हा येणार होते. तेव्हा छावणीतली प्रत्येक बादली एका बोटानं निघाली पाहिजे.

वाजले होते साडेअकरा. बादल्या दोनशे चाळीस.

त्या दुपारी आम्ही जे केलं त्याला कवायतीत नाव नाही. चाचा पुढं, तळहातानं फटके देत. मागं मी आणि ते दोन मजूर, पत्र्याच्या तुकड्यांनी आकडे खरवडत, कड्यांना ग्रीस लावत. लंगरचा आचारी स्वतःहून उलथनं घेऊन धावत आला. "साहेब, मी बी येतो. वाळूचं मीठ खाल्लंय मी!" जेवण कुणी केलं नाही. चाचाचा तळहात सुजून पुरीसारखा झाला. मी त्याला म्हणालो, "चाचा, बस करा आता." तर म्हणाला, "तेरी बच्ची आनेकी है ना? चल, अगला."

तीनला साहेब आले, दुसरे बूट घालून. कुठल्याही स्टँडपाशी थांबायचे, एक बोट कडीखाली घालायचे आणि उचलायचे. निघाली. पुढची. निघाली. शेवटी लंगरच्या दाराशी आले. तिथली वाळूची बादली एका बोटानं उचलली, खाली धरायला चाचाला दिली आणि वाळूत हात घातला. मूठ वर आली तेव्हा तिच्यात वाळू होती आणि एक शेंग होती.

मी डोळे मिटले. कोकणातली सगळी दैवतं एकेक करून आठवली.

टरफल फुटल्याचा आवाज आला म्हणून डोळे उघडले. साहेबांनी शेंग फोडली होती. दोन दाणे होते. त्यांनी ते खाल्ले, सावकाश.

"रेत सूखी है," ते म्हणाले आणि सही केली.

शेऱ्यात मात्र त्यांनी लिहिलं होतं की दर सोमवारी सुपरवायझरनं सगळ्या बादल्या स्वतः उतरवून पुन्हा टांगाव्यात. पुढची कित्येक वर्षं मी सोमवारी दोनशे चाळीस बादल्या उतरवल्या. पण त्याखालच्या ओळीत माझं नाव होतं आणि 'कायम करण्यास हरकत नाही' असं होतं.

दोन महिन्यांनी क्वार्टर मिळालं. बायको आणि मुलगी ज्या दिवशी यायच्या होत्या, त्याच्या आदल्या दिवशी मी ते झाडून पुसून लख्ख केलं. करायला काही उरलं नाही. तेव्हा मला दाराचा रंग फिका वाटला.

दुसऱ्या दिवशी त्यांना एस.टी. स्टँडवरून घेऊन आलो. चाचा ट्रंक उतरवायला आला होता. मी ऐटीत किल्ली फिरवली आणि दार ढकललं. हिरवंगार, तीन हातांचं दार चौकटीला असं चिकटलं होतं, की खांदा लावला तरी हलेना. बायको ओट्यावर पिशवी धरून उभी. दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तुमी लोकांका आगीतसून भायर काडतास म्हणे," ती म्हणाली. "आमका निदान आत तरी घेवा."

चाचानं मला हातानंच बाजूला केलं. कडीच्या खाली, बेतानं, तळहाताचा एक फटका दिला. दार उघडलं. "हौ," तो बायकोला म्हणाला, "इसकी आदतच है."

मुलीनं तेवढ्यात दोन्ही पंजे दाराला लावून बघितले होते. ते हिरवे पंजे तिनं निरखले, मग मला निरखलं, आणि पुसायला जवळ दुसरं काही नसल्यामुळं ती पहिल्यांदा आपणहून माझ्याकडे आली.