नळकाकांची उपाशी सकाळ

नळकाकांना गल्लीत खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. नळ गळो की मोरी तुंबो, पान्हा घेऊन तेच यायचे आणि कामाआधी शहाणपणाचे चार शब्द ऐकवायचे. दारूने यकृताची पार वाट लावली, तेव्हा कुठे त्यांनी बाटली सोडली. आता दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेत एक डाग सापडला होता. कॅन्सरच, पण अगदी सुरुवातीचा.

“अजून वरवरच आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मोठं ऑपरेशन तुमच्या यकृताला झेपायचं नाही. तोंडातून दुर्बीण घालून तेवढाच थर सोलून काढू. तुमचं रक्त लवकर थांबत नाही, तो धोका आहे. पण उशीर केला तर डाग खोल जाईल. सकाळी उपाशीपोटी या. पाण्याचा घोटसुद्धा नको.”

काकांनी नंदीबैलासारखी मान डोलवली. आणि त्या सकाळी तांब्याभर पाणी ढोसून हजर!

“काम करायच्या आधी लाइन धुऊन घ्यावी,” त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ऐटीत सांगितलं. भुलीत ते पाणी फुप्फुसात गेलं असतं. पुढच्या आठवड्याची तारीख देऊन त्यांची बोळवण झाली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

“अहो, डॉक्टरबाई काय मोरीत उतरणार होत्या?” घरी काकू कडाडल्या.

काका हसले नाहीत. “कळत होतं गं मला, पाणी प्यायचं नाही ते. पण रक्त थांबलंच नाही तर? भीती वाटली.”

काकूंचा राग जागीच विरला. “तुम्ही गेलात तर मी भांडू कुणाशी? काही नाही, जायचं.”

पुढच्या खेपेला काकूंनी घराचा मुख्य व्हॉल्व्हच बंद केला. नळकाकांच्या घरी पाणी नाही, ही बातमी दूधवाल्याच्या आधी गल्लीभर फिरली.

हॉस्पिटलात काम लांबलं. बाकावर बसून काकूंनी पर्सची चेन इतकी उघडझाप केली की ती तुटली. शेवटी डॉक्टरबाई बाहेर आल्या. “डाग अख्खा निघाला. रक्त आलं, पण थांबवलं. आता यकृताला जपा.”

काकांचा घसा दुखत होता, बोलायची बंदी होती. उभ्या संसारात पहिल्यांदाच काकूंना मधे कुणी न तोडता बोलायला मिळणार होतं. त्यांनी काकांचा हात धरला, तोंड उघडलं, आणि नुसत्या रडत राहिल्या.