तिसरं पेडल

गॅरेजमध्ये मास्तरांना शोधायचं तर वाकावं लागे. कुठल्या तरी गाडीखालून एक डावा पाय झाडूच्या दांड्यासारखा ताठ बाहेर आलेला दिसे, तेच मास्तर. गिऱ्हाइकं त्या पायाशी बोलत. पाय सगळं ऐकून घेई आणि थोड्या वेळानं गाडीखालून उत्तर येई, चौथा गिअर गेलाय, परवा या. नवं गिऱ्हाईक जरा दचकायचं. जुनी मंडळी जाताना पायालाच नमस्कार करून जायची.

मास्तर शाळेत शिकवायला कधी गेले नव्हते. शिकायलाही बेताचेच गेले. पण गिअरबॉक्सच्या दांड्यावर नुसता तळवा ठेवून आतला कुठला दात झिजलाय ते सांगणारा माणूस, त्याला मास्तर नाही तर काय म्हणायचं? एकोणीस वर्षांपूर्वी ते बायकोच्या मोठ्या भावाच्या या गॅरेजात दोन महिने मदतीला आले होते. ते दोन महिने अजून संपायचे होते.

दादा, म्हणजे हे मेव्हणे, मनानं मोठे. गॅरेजवरची खोली त्यांनी बहिणीला देऊन टाकली. खोली झकास होती, फक्त तिच्यातली निम्मी टायरांची होती. मास्तरांच्या बाईंनी टायरांच्या चळतीवर चादर अंथरून आलेल्या-गेलेल्याला बसायची सोय केली. बसणारा जरा आत रुतायचा, पण तक्रार करायचा नाही. खोलीला एकच खिडकी, ती आवारात उघडणारी. सुट्टीच्या दिवशी मास्तर हवा खायला खिडकीत उभे राहिले, की खाली त्यांचं उद्याचं काम रांगेत उभं असायचं.

दादांनी मास्तरांना आयुष्यात कधी नाही म्हटलं नाही. मास्तर म्हणत, आता स्वतःचं काहीतरी बघावं म्हणतो. दादा म्हणत, अवश्य बघा जावईबापू, तुमचा हक्कच आहे, फक्त एवढी एक गाडी होऊ दे. ती व्हायची, तिच्या मागची पुढे यायची. एकोणीस वर्षं ही एवढी एकच गाडी चालू होती.

त्यात बारा वर्षांपूर्वी एक गिअरबॉक्स जॅकवरून सुटून मास्तरांच्या डाव्या गुडघ्यावर बसला. दादांनी त्यांना स्वतः उचलून दवाखान्यात नेलं, तीन दिवस उशाशी बसून राहिले आणि लहान पोरासारखे रडले. गुडघा वाकेनासा झाला तो कायमचाच, पण खरी बेडी पडली ती त्या रडण्याची. पुढे मास्तरांनी कधी जायचा विषय काढला आणि दादांच्या डोळ्यांत ओल दिसू लागली, की मास्तर स्वतःच घाईघाईनं चहा सांगत.

आवाराच्या पार कोपऱ्यात मास्तरांची स्वतःची एक पिकअप होती. एका वैतागलेल्या गिऱ्हाइकानं ती जवळजवळ अंगावर फेकली होती. गाडी ऑटोमॅटिक: पेडलं दोनच, एक पळायला आणि एक थांबायला, गिअर तिचे तीच बदलणार. बाई तिच्यावर गाडी शिकल्या आणि बाजारातून सुटे भाग आणू लागल्या. मास्तर शेजारी बसत आणि इंजिनाचा आवाज ऐकत. मग एके दिवशी तिचा गिअरबॉक्स जळला. तसा दुसरा कुठे मिळेना. पिकअप कोपऱ्यात गेली आणि तिच्यापुढे दुसऱ्यांच्या गाड्या लागत गेल्या. गॅरेजचा नियमच होता, गिऱ्हाइकाचं आधी, घरचं शेवटी.

अशात दगडाच्या खाणीचा मॅनेजर आपला ट्रक घेऊन आला. तास-दीड तास पायाशी बोलला आणि जाताना म्हणाला, आमच्याकडे या. दोन खोल्या आणि एक शेड देतो, खाणीवरच्या गाड्या तुम्ही सांभाळा. अटी दोनच, स्वतःची चालती गाडी हवी, आणि येत्या पहिल्या तारखेला सकाळी दहाला हजर. नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. हातात पाच आठवडे होते.

दोन पूर्ण खोल्या. हे ऐकून बाईंनी टायरांवरची चादर झटकली आणि तिची घडी घालून ठेवली. ती पुन्हा अंथरली नाही.

मास्तरांनी ठरवलं, भंगारात पडलेल्या एका अपघाती पिकअपचा साधा, हातानं टाकायचा गिअरबॉक्स आपल्या गाडीला बसवायचा. दादा म्हणाले, अवश्य. फक्त एवढी एक गाडी होऊ दे. पण मास्तर या वेळी जेवणाच्या सुट्टीतच कोपऱ्यात शिरले. भाकरी एका हातात, पाना दुसऱ्या. जुना गिअरबॉक्स उतरवला, फ्लायव्हील बदललं, क्लच प्लेट घातली, मधल्या पत्र्याला भोक पाडून गिअरचा दांडा वर काढला. नवा गिअरबॉक्स आखूड निघाला आणि मागच्या चाकांना जोर नेणारा लांब शाफ्ट चार बोटं कमी पडला. लेथवाल्यानं तो जोडून दिला. पायाशी तिसरं पेडल लागलं, क्लचचं. ते तर मास्तरांनी कानशीनं असं घासलं होतं की त्यात तोंड बघावं.

सगळं झालं आणि गाडी सुरूच होईना. किल्ली फिरवली की ढिम्म. मास्तरांनी तीन दिवस डोकं फोडलं तेव्हा कळलं, की ऑटोमॅटिक गाडी दांडा पार्किंगवर किंवा न्यूट्रलवर असल्याशिवाय सुरू होत नाही, आणि तो दांडा तर त्यांनी मोडीत टाकला होता. दोन तारा एकमेकींना जोडून त्यांनी तिची समजूत काढली, की बाई गं, तू पार्किंगमध्येच उभी आहेस. त्याबरोबर ती सुरू झाली. गॅरेजातला वेल्डर म्हणाला, घरच्यांचंच वळण, हलायचं म्हटलं की बंद.

महिनाअखेरीला, एकोणतीस तारखेला दुपारी, पुढच्या गाड्या ढकलून वाट करण्यात आली. सगळं गॅरेज जमलं. मास्तर बारा वर्षांत पहिल्यांदाच चालकाच्या जागेवर बसले. अंग आत गेलं. डावा पाय दारातच अडला. ढकलून, वळवून, उचलून आत घेतला, तर तो आडवा ताठ राहिला, आणि चकचकीत तिसरं पेडल त्याच्या आतल्या बाजूला वीतभर लांब. मास्तर त्या पेडलाकडे बघत बसले. गाड्या चालवून बघायचं काम इतकी वर्षं वेल्डर करी. डावा पाय म्हणजे गाडीखालून बाहेर राहणारी वस्तू, एवढीच त्यांची समजूत होती.

कोणी हसलं नाही, हेच वाईट.

"मला वाटलं, बाई चालवणार," वेल्डर म्हणाला.

"मला कुठे येतंय हे? मला दोनच पेडलं माहीत," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही हातानं दाबायचं काहीतरी काढलं असेल. सगळ्या जगाच्या गाड्यांचं डोकं चालवता."

दादा अगदी हळू म्हणाले, "मला वाटलं होतं, तुमच्या लक्षात येईल. आणि मग राहाल."

मास्तर उतरले आणि लोखंडी जिना चढून खोलीत गेले. त्या चौदा पायऱ्या चढताना लोखंड वाजायचं, एक पाय टेकल्याचं आणि एक ओढल्याचं. बाईंनी तो आवाज शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला आणि मग त्या चालकाच्या जागेवर जाऊन बसल्या.

पुढचे दोन दिवस आवारात गाडी वीस फूट पुढे आणि वीस फूट मागे करत होती. दर वेळी गचके खाऊन बंद. क्लच सोडताना बाईंचं लक्ष गिअरकडे, गिअर टाकताना पाय क्लचवरून उठलेला. वेल्डर शिकवायला बसला आणि मान धरून उतरला. दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांच्यानं खिडकीत राहवेना. गिअरचे दात घासल्याचा तो आवाज त्यांच्याच दातांत शिरत होता. ते खाली आले, शेजारी बसले आणि गिअरच्या दांड्यावर उजवा हात ठेवला.

"तू फक्त पाय सांभाळ. मी म्हणेन तेव्हा सोड."

गाडी वीस फूट गेली आणि बंद पडली नाही.

पहिल्या तारखेला सकाळी साडेआठला दोन ट्रंका, एक स्टोव्ह आणि घडी घातलेली चादर मागे ठेवून दोघं निघाली. गॅरेजचं फाटक रस्त्यापेक्षा खाली, मध्ये चढ. पहिल्यांदा गाडी अर्ध्यात बंद पडून मागे घरंगळली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मागचा बंपर पिंपाला लागला. फाटकाशी दादा चहाचे दोन ग्लास घेऊन उभे होते. चहा घ्या, म्हणाले, उद्या जाता येईल की, मी मॅनेजरशी बोलतो. खरंच बोलले असते. बाईंनी ग्लासाकडे पाहिलं, आणि त्यांचे हात स्टिअरिंगवरून अर्धे उतरले.

मास्तरांनी हँडब्रेक ओढून धरला. "चहा नको. पाय दाब. पहिला टाकतो." मग डोळे मिटून तळवा दांड्यावर टेकवला. इंजिन घुमलं. "हळू सोड. अजून. थांब, तिथंच धर." दांड्याला बारीक कंप आला, प्लेट धरल्याचा. "आता."

हँडब्रेक सुटला आणि पिकअप म्हाताऱ्यासारखी कण्हत चढ चढली.

रस्त्यावर आल्यावर थांबायची सोय नव्हती. थांबलं म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून. पहिल्या गिअरात गाडी इतकी सावकाश चालली होती, की दादा ग्लास ठेवून आपल्या बायकोनं दिलेला डबा घेऊन आरामात शेजारून चालत आले. डबा खिडकीतून मास्तरांच्या मांडीवर ठेवला. एक हात खिडकीवर तसाच राहिला. डोळ्यांत ओल होती, खरी होती.

"एवढी एक खाण झाली की परत या, जावईबापू."

मास्तरांच्या तोंडात चहा सांगायचं आलं होतं. पण चहा सांगायला इथे कोणी नव्हतं.

"अहो," बाई समोर बघत म्हणाल्या. त्यांचा डावा पाय तिसऱ्या पेडलावर पूर्ण दाबलेला होता. "दुसरा टाका ना."

मास्तरांनी दादांच्या हातावर आपला डावा हात क्षणभर ठेवला. उजव्यानं दुसरा टाकला.