मी थांबलो तरी न थांबणारी पावलं

डॉक्टरांनी रिपोर्टवर बोट ठेवून सांगितलं, “तुमचं टीएसएच वाढलंय,” आणि मी मोठ्या समजूतदारपणे म्हणालो, “मग कमी करायची गोळी द्या.” शेजारी बसलेल्या माझ्या बायकोने, वैशालीने, उगाचच पर्स उघडून बंद केली. मी चारचौघांत काही बोललो की तिची पर्स अशी उघडते.

डॉक्टरांनी न हसता समजावलं. टीएसएच म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीने गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला मारलेली हाक. थायरॉइड काम करेनाशी झाली की ही हाक वाढत जाते. मजूर झाडाखाली झोपला की मुकादमाचा आवाज चढतो, तसं. मुकादमाला गप्प करून उपयोग नाही, बदली मजूर द्यावा लागतो. तो बदली मजूर म्हणजे थायरॉक्सिनची गोळी. जे हार्मोन गळ्यात तयार व्हायचं, ते बाहेरून पोटात घ्यायचं. माझ्या आजाराचं नाव हायपोथायरॉइडिझम, म्हणजे ग्रंथीचं काम मंदावणं.

मंदावलो तर मी पुरताच होतो. जळगावात ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं माझं दुकान आहे. गिऱ्हाईक नळीचा भाव विचारायचं आणि मी काउंटरवर डोकं ठेवून झोपलेला असायचो. मार्च महिन्यात, जळगावच्या मार्चमध्ये, मी स्वेटर घालून बसायचो. लोक लांबून बघून पुढच्या दुकानात जायचे.

“गोळी सकाळी रिकाम्या पोटी घ्या,” डॉक्टर म्हणाले. ती मी अगदी नेमाने घेतली. उठलो, चूळ भरली, आणि पहिल्या चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळली. आमच्याकडे चहा खाण्यात धरत नाहीत. एकादशीला चालतो, रक्त द्यायला जाताना चालतो, पाहुणा “काही घेणार नाही” म्हणाला तरी त्याला चालतो. चहाने पोट भरतं हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या तपासणीला टीएसएच होतं तिथेच. डॉक्टरांनी विचारलं, रिकाम्या पोटीच घेता ना? मी म्हणालो, अगदी रिकाम्या. त्यांनी गोळीची मात्रा वाढवली. त्याच्या पुढच्या तपासणीनंतर आणखी वाढवली. टीएसएच थोडं हललं, मी थोडा जागा झालो.

मग चातुर्मास लागला. वैशाली दरवर्षी चातुर्मासात वांगी सोडते, आणि खानदेशात वांगी सोडणं म्हणजे काय ते खानदेशातल्यालाच कळेल. जेवताना ती म्हणाली, तुम्ही कधी काही सोडलंत का? मी ताटावरूनच जाहीर केलं, यंदा चहा सोडला. ती हसली. त्या हसण्यामुळेच मी तो खरोखर सोडला. सकाळी गोळी आता नुसत्या पाण्याबरोबर जाऊ लागली.

काही आठवड्यांनी मेहरूण तलावाच्या रस्त्यावर संध्याकाळी फिरताना मागून कुणीतरी येतंय असं वाटलं. चपला घासत, दमाने. मी रस्ता द्यायला बाजूला झालो. कुणी पुढे गेलं नाही. वळून पाहिलं तर मागे रस्ता रिकामा, पाण्यावर ढगांचा रंग, आणि लांब एक म्हैस. मी चालू लागलो, पावलं मागे होतीच. मी थांबलो.

पावलं थांबली नाहीत.

मी उभा होतो आणि माझ्या मागचा माणूस चालत होता, चालत होता, आणि जवळ येत नव्हता. मी घाबरलो तशी ती पावलं भरभर पडू लागली. मी घरी आलो तो जवळजवळ पळतच, आणि तोही माझ्याबरोबर पळत आला.

घरी सांगितलं नाही. सांगणार काय? मी या घरात भुताच्या गोष्टी सांगून भाचरांना घाबरवणारा माणूस. आता मीच घाबरलो म्हटल्यावर माझी काय किंमत राहिली असती?

पुढे ती पावलं घरात आली. दुपारी जेवून डाव्या कुशीवर पडलो की उशीतून ऐकू यायची, जणू खालच्या मजल्यावर कुणी येरझाऱ्या घालतंय. आमच्या घराला खालचा मजला नाही. बाहेर पाऊस लागलेला आणि मी पंखा पाचवर ठेवून घामाने भिजलेला. भूक अशी की तिसरी भाकरी मागताना मलाच लाज वाटायची, आणि पॅन्ट मात्र कमरेवरून घसरायची. हात थरथरायचे. एका गिऱ्हाइकावर मी असा ओरडलो की तो बिचारा शेताचं माप न सांगताच गेला. मार्चमध्ये झोपलेला बरा होता, असं दुकानातला माणूस म्हणाल्याचं नंतर कानावर आलं.

पितृपक्षात आम्ही धुळ्याला गेलो, देवपूरला, माझ्या थोरल्या भावाकडे, नानाकडे. आबांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, श्राद्ध तिथेच असतं. आबांची बहीण, आमची अक्का, ओसरीवर बसलेली होती. मी पाया पडलो. तिने माझी हनुवटी धरली आणि बराच वेळ सोडलीच नाही.

“तू ते बठ्ठा आबाच दिखी ऱ्हायना रे,” ती म्हणाली.

मी हुबेहूब आबा दिसतो, हे मी हसून उडवायला गेलो, तेवढ्यात ती आवाज खाली आणून म्हणाली, “आबा तुले लेवाले येल शे.”

मला न्यायला. नाना तिच्यावर डाफरला, वहिनींनी विषय बदलला. पण मला आबांचे शेवटचे दिवस आठवले. आबा माझ्याच वयाचे असताना गेले. शेवटचे काही महिने ते असेच वाळत गेले, घाम पुसत बसायचे, हातातली बशी वाजायची. मग एक दिवस खुर्चीतून उठले आणि गेले. हृदय बंद पडलं, असं लोक म्हणाले. त्यापलीकडे कुणी तपासलं नाही. नानाच्या मोरीवरच्या आरशात मी तोंड धुताना पाहिलं. गालाची हाडं, पुढे आलेले डोळे. आबा माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या मिशीला माझा साबण लागलेला होता.

कावळ्याचं पान गच्चीवर ठेवायचं काम माझ्याकडे आलं. भरदुपार, ऊन पांढरं फटक. मी जिना चढू लागलो आणि मागून पावलंही चढू लागली. पान थरथरत होतं, वड्यांवरून खिरीचे ओघळ जात होते. वरच्या पायरीवर पोचलो तेव्हा मागचा माणूस धावत होता. कठड्यावर कावळा आधीच येऊन बसला होता. तो पानाकडे बघत नव्हता. मान वाकडी करून माझ्याकडे बघत होता. मी मनात म्हणालो, आबा, एवढी माझ्या पोरीची दहावीची परीक्षा होऊ द्या, मग न्या. आणि तिथेच खाली बसलो.

डोळे उघडले तेव्हा वैशाली शेजारी बसलेली, माझं मनगट तिच्या हातात. मी तिला सगळं सांगितलं, मेहरूणपासून अक्कापर्यंत. मला वाटलं हसेल. ती उठून पिशवी भरायला गेली. जेवणं उरकायच्या आत आम्ही निघालो. वाटेत पारोळा मागे पडला. तेव्हा ती म्हणाली, “आधी डॉक्टर. आबांचं नंतर बघू.”

डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. रक्त घेतलं. रिपोर्टसाठी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो तेव्हाही तो माणूस माझ्या कानात चालत होता. रिपोर्ट आला आणि टीएसएच जवळजवळ नाहीसं झालेलं. मुकादम पार गप्प. डॉक्टरांनी विचारलं, गेल्या काही महिन्यांत खाण्यापिण्यात काय बदललं? मी म्हणालो, काही नाही. वैशाली म्हणाली, “यांनी चहा सोडलाय. सकाळचा. गोळीबरोबरचा.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

चहा गोळी पोटात नीट शोषली जाऊ देत नाही, हे तेव्हा कळलं. चहामुळे अर्धीमुर्धी गोळी वाया जात होती, म्हणून डॉक्टर मात्रा वाढवत गेले. चहा सुटला आणि ती वाढवलेली मात्रा अख्खी अंगात उतरू लागली. घाम, भूक, थरथर, चिडचिड, सगळं त्याचं. आणि ती पावलं? त्यांनाही नाव आहे, पल्सेटाइल टिनिटस. जोरात धावणाऱ्या रक्ताचा ठोका आपल्याच कानात ऐकू येणं.

“तुमच्या मागे तुमचंच हृदय पळत होतं,” डॉक्टर म्हणाले. “ताल अजून शाबूत आहे. असंच चाललं असतं तर तो बिघडला असता, मग मी एवढ्या निवांत बोललो नसतो.”

मी आबांबद्दल विचारलं. ते म्हणाले, थायरॉइड घराण्यात असू शकते, पण न तपासलेल्या माणसाबद्दल मी काय सांगू. तो प्रश्न तसाच राहिला आहे. अक्काला मी काही समजवायला गेलो नाही.

गोळी काही दिवस बंद ठेवून मग कमी मात्रेने सुरू झाली. हे औषध रक्तात रेंगाळतं, त्यामुळे पावलं एकदम गेली नाहीत. आधी पळायची थांबली, मग चालू लागली, मग लांब गेली. ज्यांना ही गोळी आहे त्यांना माझं एवढंच सांगणं: गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्या, मग चहाला थोडा वेळ जाऊ द्या. कॅल्शियमची, लोहाची गोळी सुरू झाली, एखादी सवय सुटली, अगदी नवस म्हणून सुटली, तरी डॉक्टरांना सांगा. मनाने गोळी कमी-जास्त करू नका. आणि कुणी मागे चालतंय असं वाटलं तर आधी मनगट धरून बघा.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी मी डाव्या कुशीवर पडलो आणि उशीत काहीच नव्हतं. बराच वेळ वाट पाहिली. मग उठून वैशालीला सांगितलं, गेला तो. तिला बरं वाटेल असं वाटलं होतं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, ती घालतच राहिली.

“मला पण हाताला लागायची ती पावलं,” ती म्हणाली. “पलंग हलायचा त्यांनी. तुम्ही झोपलात की मी गादीवर हात ठेवून बसायचे. तुम्हाला वाटायचं ती थांबावीत. मी म्हणायचे, चालू राहू देत. आता हात ठेवला तर काहीच लागत नाही, म्हणून दर थोड्या वेळाने तुमच्या नाकाशी बोट धरून बघते. तेव्हा जरा घोरत जा, म्हणजे मलाही झोप लागेल.”