धाकटीच्या मापाचं घर

गल्लीत त्यांना बिजागरीकाका म्हणतात. आयुष्यभर त्यांनी दारं-खिडक्या बसवल्या म्हणून, आणि खुर्चीतून उठताना त्यांच्या गुडघ्यांतून तसाच आवाज येतो म्हणूनही. निवृत्तीनंतर माणसं झाडांना पाणी घालतात, स्वतःच्या पोटाविषयी बोलतात. काका पाडकामांवर जाऊ लागले. कुठे जुनी इमारत पाडतायत असं कळलं की हे सुतकी चेहऱ्याने हजर, आणि परतताना खांद्यावर एक खिडकी. "काका कुठे गेलेत?" असं काकूंना विचारलं की त्या म्हणायच्या, "मयताला. येतील वाटणी घेऊन."

ही सगळी जमवाजमव एका माणसासाठी चालली होती. काकांची धाकटी बहीण दूरच्या शहरात नर्स होती, एकटीच राहायची. नोकरी संपली की तिने दादाच्या परसात येऊन राहायचं, असं दोघांचं ठरलेलं. त्यासाठी कपडे वाळत घालायच्या दोरीपलीकडे काका एका खोलीचं घर बांधत होते.

त्यांचा हट्ट एकच: उन्हाळ्यात पंखा नको, थंडीत शेगडी नको. पाडलेल्या शाळेची तावदानं त्यांनी एकामागे एक अशी दुहेरी बसवली. भिंती जुन्या विटांच्या, दोन पदरी. मधल्या पोकळीत शिंप्याकडच्या चिंध्यांची पोतीच्या पोती ठासली. निम्म्या गावाच्या पँटींचे कापलेले पाय त्या भिंतींत आहेत. छप्पर पुढे एवढंच काढलं, की उन्हाळ्यातलं डोक्यावरचं ऊन बाहेर थांबावं आणि थंडीतलं तिरपं ऊन पलंगापर्यंत यावं. मग पेटती मेणबत्ती घेऊन ते फटी शोधत फिरायचे. ज्योत हलली की शिवी, नाही हलली की शीळ.

आणि माप! धाकटी जेमतेम पावणेपाच फुटांची. ओटा तिच्या कोपराला, कडी तिच्या खांद्याला, फळ्या तिच्या हाताला येतील अशा. सहा फुटी काका आत शिरताना हमखास कपाळ आपटून घ्यायचे आणि खूश व्हायचे. "आपल्याला कुठे राहायचंय?"

रोज संध्याकाळी तिला फोन. "दादा, खिडकी ओट्यासमोर नको रे, डोळ्यांवर ऊन येईल," असं ती म्हणाली, की दुसऱ्या दिवशी बसवलेली खिडकी उपटून शेजारच्या भिंतीत. मग तिला ती तिथेही नको झाली. पुन्हा उपटली. काकू म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघराचं दार केव्हापासून अडकतंय, ते?"

"तू काय नवीन राहायला आलीयस का?" काका म्हणाले.

घर झालं आणि धाकटी आली. खांद्याला एक पिशवी.

"सामान मागून येतंय?"

"आधी घर तर दाखव."

ती आत गेली. कडी आपोआप हाताखाली आली. ओट्याशी उभी राहिली, वरच्या फळीवरचा डबा काढला, परत ठेवला. "दादा, आयुष्यात पहिल्यांदा स्टूल लागलं नाही बघ." मग पलंगाच्या कडेला बसली. "मी इथे राहायला येणार नाहीये. आम्ही तिघी मैत्रिणींनी मिळून तिकडेच जागा घेतलीय. आठव्या मजल्यावर."

काकांना थट्टाच वाटली. "आठव्या? खाली बघायला शिडी लागेल तुला."

धाकटीने पिशवीतून नव्या जागेची किल्ली काढून दाखवली.

"कधी घेतलीत?"

"तू पाया भरलास ना, त्यानंतर लगेच."

"मग खिडकी? दोनदा उपटली मी ती!"

"तू रोज फोन करायचास, दादा. आधी सणावारी कधीतरी करायचास, तोही 'बरी आहेस ना, ठेवतो.' मला वाटलं, घराचं काम थांबलं की फोनही बंद होईल."

काका दारात उभ्या बायकोकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"अहो, या कामाने तुमचं वाढलेलं बीपी उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, चालू द्या त्यांचं."

"डॉक्टरालाही माहीत?"

मग बाहेर पडलं की शिंप्यालाही माहीत होतं; काकांसाठी चांगल्या खिडक्या बाजूला काढून ठेवणाऱ्या पाडकामाच्या मुकादमालाही. पोराला वाळूत बसवून मोठ्यांनी आपल्या गप्पा माराव्यात, तसं सगळ्यांनी मिळून त्यांना परसात बसवलं होतं.

"म्हणजे मी इथे भातुकली खेळत होतो," काका म्हणाले. "फोन हवा होता तर मागायचास."

"मागितला असता तर केला असतास?"

काकांनी खिशातून कुलूप काढलं.

"आजची रात्र तरी इथे झोपू दे," धाकटी म्हणाली.

"नाही. हे राहायला येणाऱ्याचं घर आहे." त्यांनी कुलूप घातलं. धाकटी मोठ्या घरात सोफ्यावर झोपली.

सकाळी ते तिला गाडीपर्यंत सोडायला गेले. पिशवी उचलली, जागा पकडून दिली, खिडकीची काच खाली करून दिली. आणि गाडी सुटायच्या आधीच पाठ फिरवली.

परत आल्या आल्या त्यांनी पहार घेतली. आवाजाने काकू धावत आल्या. "अहो, नवाकोरा ओटा तोडताय कशाला?"

"उंच करतोय."

"कुणासाठी?"

"सहा फुटी माणसासाठी. तो मला न सांगता दुसरीकडे जागा तरी घेणार नाही."

काकू काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात काकांचा फोन वाजला. त्यांनी नाव पाहिलं, फोन खिडकीत उपडा ठेवला आणि पुढची वीट उचकटली.