पानातलं मीठ

अण्णांचा रक्तदाब मी उतरवला, असं मी आयुष्यभर छातीठोकपणे सांगत आले. कुणी हसलं तरी हेका सोडला नाही.

निजामाच्या राजवटीतले दिवस. अण्णा, म्हणजे माझे वडील, औरंगाबादच्या तहसील कचेरीत अहलकार म्हणून कारकुनी करायचे. कारभार उर्दूत करायचे, चिडायचे मात्र मराठीत. एकदा कचेरीतच त्यांना घेरी आली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून दाब मोजला आणि खडसावलं, "मुन्शीजी, नमक छोडो. टांगा छोडो, पैदल चलो. नैं तो लकवा मारेगा." लकवा काय असतो ते आम्हाला ठाऊक होतं. आजोबा तीन वर्षं अंथरुणावर होते. आई घाबरून गेली.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा शहागंजातून कचेरीपर्यंत पायी जाऊ लागले. तंबाखू सुटली, लोणच्याची बरणी माळ्यावर गेली, वरण-भाजी अळणी झाली. महिन्यानं पाहिलं तर दाब जवळजवळ तेवढाच. डॉक्टर अण्णांवर उखडले. आई शपथ घ्यायला तयार, "भाजीत चिमूटभर पडत नाय हो मीठ!"

मी तेव्हा तेरा वर्षांची आणि घरात सगळ्यांत आगाऊ. अण्णा जेवायला बसले तेव्हा मी जवळ बसून नीट पाहिलं. आईनं रोजच्यासारखं पानात आधी मीठ वाढलं, मग बाकीचं. अण्णा भाकरीचा प्रत्येक घास त्या मिठाला टेकवून खात होते. पाच-सहा घासांत मीठ साफ!

"आई, हे काय चाललंय?" मी ओरडलेच.

"मीठ न वाढता पान कसं देऊ?" आई म्हणाली. "बिनमिठाचं पान श्राद्धाला वाढतेत. जित्या माणसापुढं ठेवू व्हय?"

अण्णा मान खाली घालून जेवत राहिले. मला दोघांचाही संताप आला.

"मग खरंच श्राद्ध घालायची वेळ येईल!"

बोलून गेले आणि जीभ चावली. वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण आई नुसती उठून चुलीपाशी गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन पानं मांडली. अण्णांच्या पानात मीठ नव्हतं. नवऱ्याचं जेवण झाल्याशिवाय कधी न जेवलेली माझी आई त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिच्या पानातही मीठ नव्हतं.

"तू कशाला अळणी खातीस?" अण्णांनी विचारलं.

"काय व्हायचं ते दोघांचं होऊ द्या," आई म्हणाली आणि पहिला घास तिनं घेतला.